एका बाजूची मोहर

व्हितेर्बो, संत बार्थोलोम्यूच्या सणाचा आदला दिवस

बेनवेन्ता,

अकरा वर्षांनी तुझा निरोप आला, तोही खेचरवाल्याच्या तोंडून. दारात उभा राहून तो पाठ केल्यासारखं म्हणाला, "आई गेली. चाळीस दिवस झाले. पेटीत आहे. तुझ्या पोपला सांग." मग प्यायला पाणी मागितलं. शिव्या काही दिल्या होत्या का, असं मी विचारलं, तर नाही म्हणाला. दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

मला लिहिता-वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. येत नाही म्हणूनच तर मठाने मला इथे पाठवलं. पोपच्या पत्रांना शिशाची मोहर लावणारा माणूस अडाणीच लागतो, म्हणजे आतली गुपितं त्याला कळत नाहीत आणि बाहेर फुटत नाहीत. तेव्हा हे पत्र आल्बेरिगो लिहितोय. इथल्या कचेरीतला लेखनिक आहे, तोंडाने आगाऊ पण हाताने सरळ. तिकडे तुला फादर गौदेन्झो वाचून दाखवतील. आपल्या भावाबहिणीच्या मध्ये अशी दोन माणसं बसली आहेत. मी त्यांचं भान ठेवून बोलतो, तू समजून घे.

बिशपच्या कारभाऱ्याला गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवलंत, तेव्हा मजा आली असेल. ते गाढव आपलं होतं हे खेचरवाल्याने सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. गुआल्तेरो तोंडातून शब्द काढत नाही आणि गाढव काढून देतो, असा नवरा तुला मिळाला. त्या एका धिंडीपायी चौदा महिने सबंध रोक्कासेरा गावावर बिशपची बंदी आहे. घंटा नाही, मिस्सा नाही, आणि मेलेल्या माणसाला चर्चच्या अंगणात जागा नाही. गाव सगळं तुझ्याकडे बघून पुटपुटत असेल, तेही मला दिसतंय.

आईला चेस्टनट सुकवायच्या झोपडीत ठेवलंय म्हणे. अक्रोडाच्या पेटीत, फटी मेणाने बुजवून. ठीक केलंस. पण आठ आठवड्यांनी, संत लूकच्या सणाला, चेस्टनट उतरतील, खाली धूर करावा लागेल, आणि निम्मं गाव त्याच झोपडीत सुकलेल्या चेस्टनटवर हिवाळा काढतं. तोवर काय ते व्हायला हवं. कुंपणाबाहेर कुत्र्यामांजरासारखी पुरणार नाही, बाबांच्या शेजारीच ठेवीन, अशी तू शपथ घेतलीस तेही कळलं. तू आईवर गेली आहेस.

ही बंदी आता पोपच उठवू शकतो. पण माझ्याकडे पोप नाही, बेनवेन्ता. कुणाकडेच नाही. दोन वर्षं गादी रिकामी आहे. कार्डिनल लोकांना महालात कोंडलंय, जेवण एका ताटावर आणलंय, तरी त्यांचं एकमत होत नाही. ओर्सो, माझा जोडीदार, म्हणतो की ह्यांना कोंबड्या राखायला दिल्या तर कोंबड्याही मरतील. मी रोज सकाळी शिसं वितळवायची शेगडी साफ करतो आणि बसून राहतो.

बाबा गेले तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही, हे तेव्हाच कळवलं होतं.

उबाल्दो

व्हितेर्बो, पवित्र क्रूसाच्या सणानंतरचा तिसरा दिवस

बेनवेन्ता,

पोप झाला. आणि कोण झाला ते ऐक. आपल्या खालच्या दरीतला, चुन्याच्या भट्टीवाल्याचा मुलगा, म्हातारा कार्डिनल लान्फ्रांको. आता त्याचं नाव सिल्वानुस. तू लहान असताना आई त्यांच्या भट्टीवरून चुना आणायची, तेच घर.

हा माणूस मला वीस वर्षांपासून माहीत आहे. कज्जे ऐकायच्या कचेरीत होता तेव्हा हिवाळ्यात आमच्या खोलीत येऊन शेगडीवर हात शेकायचा. इतर साहेब लोक आमच्याकडे बघत नसत, हा विचारायचा, "उबाल्दो, आज कुणाच्या नशिबावर शिसं ओतलंस?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक महाराज, मला वाचता येतंय थोडंच." तो म्हणायचा, "सुखी आहेस."

निवड जाहीर झाली तशी लोकांनी रिवाजाप्रमाणे त्याचं घर लुटलं. जो पोप झाला त्याला आता घराची काय गरज, असा हिशेब असतो. पन्नास माणसं मोठ्या आशेने आत घुसली आणि एक चटई, दोन मडकी आणि एक म्हातारी मांजर एवढं घेऊन बाहेर आली. मांजरसुद्धा नेली. ती मात्र त्याने माणूस पाठवून परत मागवली.

तिसऱ्या दिवशी महालातल्या कामकऱ्यांना पाया पडायला बोलावलं. माझी पाळी आली आणि मी त्याच्या पायावर डोकं टेकून तिथेच रडलो. मागचे स्वयंपाकी ढकलत होते.

तो म्हणाला, "रोक्कासेराची माणसं रडत नाहीत, भांडतात. काय झालं?"

मी सांगितलं.

"किती दिवस झाले?"

"पासष्ट, महाराज."

"आणि ती गाढवाची गोष्ट खरी? उलटं बसवलं?"

"शेपटी हातात देऊन."

तो हसायला लागला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबेना, तेव्हा सगळे कार्डिनल एकमेकांकडे बघायला लागले. डोळे पुसून त्याने विचारलं, "गाढव कुणाचं होतं?"

"आमचं."

"मग प्रायश्चित्त गाढवाला. गावाला पुरे झालं." त्याने तिथल्या तिथे लेखनिकाला बोलावलं आणि बंदी उठवल्याचं पत्र सांगितलं. मी उठत होतो तर माझी बाही धरून हळूच म्हणाला, "ह्या लोकांनी मला का निवडलं माहीत आहे? त्यांना माझा खोकला आवडला. दोन महिन्यांत पुन्हा भांडायला मिळेल म्हणून. तेव्हा आजच पाठव, उबाल्दो. आजच."

तर पत्र झालंय. शिसं मी माझ्या हाताने लावलं, रेशमी दोरीत. राज्याभिषेक व्हायचा असतो तोवर पोपची मोहर एकाच बाजूची असते. एका अंगावर पीटर आणि पॉलचे चेहरे, दुसरं अंग कोरं. पोपच्या नावाचा ठसा सोनार कोरून देतो, तो अभिषेकानंतरच वापरायचा. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी अभिषेक आहे.

आपला बिशप कसा आहे ते तुला माहीत आहे. मोहरेच्या काठाला त्र्याहत्तर ठिपके असतात, ते मोजणारा माणूस. सात वर्षांपूर्वी त्याने मी मोहर लावलेलं खरं पत्र खोटं म्हणून परत पाठवलं होतं. एक ठिपका कमी भरला म्हणे. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता.

पत्र लवकरच मिळेल. घंटेचा दोर बघून ठेवा, उंदरांनी खाल्ला असेल. आईजवळ बसशील तेव्हा सांग तिला.

उबाल्दो

व्हितेर्बो, संत मायकेलचा सण

बेनवेन्ता,

तुझा निरोप मिळाला. "तुझ्या पोपचं पत्र गोगलगाईच्या पाठीवर निघालंय का?" खेचरवाल्याने अगदी तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. आल्बेरिगो लिहिता लिहिता हसतोय. ह्या वेळी निदान टोमणा आहे, म्हणजे तुझा माझ्यावरचा राग जिवंत आहे.

रस्ते वाईट आहेत. पुलाचंही काहीतरी झालंय असं ऐकतो. पत्रं अशी मागेपुढे होतात.

अभिषेक पुढे गेला. महाराजांना ताप आहे. आधी म्हणाले आठवडाभर, आता म्हणतात संत फ्रान्सिसच्या सणानंतरचा रविवार नक्की. सोनाराकडे मी दोनदा जाऊन आलो. ठसा सुरेख उतरलाय. नावाची अक्षरं मला कळत नाहीत, पण खोली एकसारखी आहे. असा ठसा नशिबाने हातात येतो.

परवा महाराज स्वतः आमच्या खोलीत आले. दोघांनी धरून आणलं. ताप असून म्हणे थंडी वाजतेय, आणि ह्या महालात खरी शेगडी एकच आहे. पूर्वीच्याच स्टुलावर बसले. त्यांना चेस्टनटच्या पिठाची भाकरी हवी होती, पण आचारी म्हणाला की ते डुकरांचं खाणं, पोपच्या ताटात जाणार नाही. "पोप झालो आणि घरचं जेवण गेलं," असं मला म्हणाले. "नवे चेस्टनट येईतो टिकलो तरी पुष्कळ." मी म्हटलं, टिकाल. मग त्यांनी मला एक गोष्ट विचारली आणि मी तिचं उत्तर दिलं. मग ते गेले.

चेस्टनट फुटायला लागलेत का? झोपडीची माणसं काही म्हणतात का? त्यांना सांग, थोडेच दिवस.

उबाल्दो

व्हितेर्बो, संत फ्रान्सिसच्या सणानंतरचा दुसरा दिवस

बेनवेन्ता,

महाराज गेले. काल दुपारी, जेवणाच्या वेळेला. बावीस दिवस पोप होते आणि डोक्यावर मुकुट एकदाही चढला नाही.

गेल्याचं कळलं तसे घरचेच नोकर खोलीत घुसले. हाही रिवाजच. ज्या आचाऱ्याने भाकरी दिली नाही त्याने पलंगाचा पडदा काढला. कुणी उशी घेतली, कुणी मेणबत्त्या. कुणीतरी पायातले मोजेसुद्धा काढले. मी वर गेलो तेव्हा ते उघड्या फरशीवर होते, अंगावर एक सदरा. आल्बेरिगो आणि मी मिळून त्यांच्यावर माझा झगा घातला. मांजर खिडकीत बसली होती, तिला ह्या वेळी कुणी नेलं नाही.

आज सकाळी सोनाराकडचा ठसा आला. खजिन्याच्या कार्डिनलसमोर तो मोडायचा असतो, म्हणजे मेलेल्या पोपच्या नावाने कुणी काही खपवू नये. मोडायचं काम माझं. तीन घाव घालावे लागले. एकदाही न वापरलेला ठसा आजवर मी मोडला नव्हता.

मोडण्याआधी ठसा थोडा वेळ माझ्याजवळ होता. वर लुटालुटीतून राहिलेलं आवरत होते, ओर्सो तबेल्यात गेला होता, खोलीत मी एकटा होतो. त्यावर आज एवढंच.

तुझ्या पत्राचं मी बघतो. बघतो म्हणजे काय बघतो ते मला विचारू नकोस. माझी तब्येत बरी नाही.

उबाल्दो

संत लूकचा सण

बेनवेन्ता,

खेचरवाला परवा आला. तू ह्या वेळी टोमणा पाठवला नाहीस, नुसती बातमी पाठवलीस. पलीकडच्या सांत'एल्व्हियोवरही आपल्यासारखीच बंदी होती, ती उठली. त्यांचं पत्र महिन्यापूर्वीच आलं. मोहर एका बाजूचीच होती आणि आपल्याच बिशपने तिचं चुंबन घेतलं, ठिपकेसुद्धा मोजले नाहीत. त्यांच्या घंटा आपल्या झोपडीपर्यंत ऐकू येतात. वाजायला लागल्या की फादर गौदेन्झो खिडकी लावून घेतात.

त्या पत्राला ओर्सोने मोहर लावली होती. आपल्या पत्राच्याच आठवड्यात. लावली आणि त्याच दिवशी पत्र जासुदाकडे दिलं, कारण ओर्सो फार विचार करत नाही.

मी ज्याच्याकडून लिहून घेतो त्या माणसाचं नाव आज घेत नाही. त्याने अर्धं ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "हे लिहिलं तर तुझा हात जाईल. आणि लिहिलं म्हणून माझाही."

मी म्हटलं, "मग नको लिहूस."

त्याने लेखणी उचलून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "डाव्या हाताने लिहितो. कुणाच्या बापाला अक्षर ओळखू येणार नाही." फादर, अक्षर वेडंवाकडं आहे ते त्यामुळे. हळू वाचा, आणि वाचून झालं की हे पत्र, मागची पत्रंसुद्धा, चुलीत घाला.

बेनवेन्ता, तुझं पत्र कधी निघालंच नाही. महाराज आजच पाठव म्हणाले होते. मी ते घेऊन खाली आलो, एका बाजूची मोहर मारली, हातात धरलं, आणि मला ती कोरी बाजू दिसली. म्हटलं, आपल्या बिशपने सात वर्षांपूर्वी मला खोटा ठरवला होता. ह्या वेळी त्याच्या तोंडावर अशी मोहर फेकायची की बोट ठेवायला जागा नको. नऊ दिवसांचा तर प्रश्न होता. अभिषेक झाला की नवं शिसं लावून दोन्ही बाजूंनी पुरी करू. आई पासष्ट दिवस थांबली, आणखी नऊ थांबेल. पत्र मी गवताच्या गादीत ठेवलं. नवाचे अठरा झाले. रोज वाटायचं, एवढा थांबलो, आता आणखी दोनच दिवस. रस्ता, पूल, सगळं खोटं. पूल ठणठणीत आहे.

महाराज शेगडीपाशी आले त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "आईचं पत्र गेलं ना रे?" मी म्हटलं, "गेलं, महाराज." ते म्हणाले, "बरं झालं. निदान एक काम झालं माझ्या हातून."

हे माझ्या कानातून जात नाही.

तरीही पत्र पाठवता आलं असतं. ते मेल्यावरसुद्धा. पत्र खरं होतं, तारीख खरी होती, ते जिवंत असताना लावलेली मोहर होती. हे मला आता कळतंय. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की म्हातारा गेला, आता अर्ध्या मोहरेला कोण विचारतो. ठसा माझ्या हातात होता. तो तासाभरात मोडायचा होता. दुसरं शिसं लावायचं तर नवी दोरी ओवावी लागते, आणि ओर्सो कुठल्याही क्षणी आला असता. मी तेच शिसं पुन्हा ठशांत धरलं आणि घाव घातला.

शिसं एकदा दाबलं की दाबलं. दुसऱ्या घावाला ते सरकतं. हे ओर्सोला मीच शिकवलंय, तेवीस वर्षं माझ्या तोंडी तेच वाक्य आहे. पीटरचा चेहरा चेचला. ठिपके एकावर एक चढले, मला स्वतःला मोजता येत नाहीत. ते पत्र जगातलं सगळ्यात खोटं दिसणारं पत्र झालं. ते घेऊन कुणी बिशपकडे गेलं असतं तर त्यालाच बेड्या पडल्या असत्या. म्हणून मी ते शेगडीत घातलं. कार्डिनल पुन्हा कोंडलेत. ह्या खेपेला किती वर्षं लागतील ते देवाला ठाऊक.

फादर, इथे जरा थांबा. तिला काय म्हणायचं ते म्हणू द्या. शिव्या देईल, दे म्हणावं.

आणखी एक आहे. बाबांच्या वेळी मला सुट्टी मिळाली नाही असं मी कळवलं होतं. मी ती मागितलीच नव्हती. तेव्हाही नवा पोप होता, अभिषेक व्हायचा होता, आणि पहिल्या पुऱ्या मोहरा माझ्या हातून व्हाव्यात असं मला वाटत होतं. माणूस तीच चूक दोनदा करतो आणि दोन्ही वेळा त्याला वाटतं की आपण काम नीट करतोय.

आता आईचं. आज लूकचा सण, चेस्टनट उतरले असतील. पेटी झोपडीतून काढ, लोकांचा हिवाळा अडवू नकोस. आपल्या वरच्या बागेत ते वीज पडून पोकळ झालेलं झाड आहे, पाऊस आला की आई आपल्याला दोघांना ज्याच्या आत बसवायची आणि स्वतः बाहेर भिजत उभी राहायची. त्याच्या पूर्वेला खड्डा घे. गुआल्तेरोला म्हणावं, खोल खण. तुझी शपथ मोडतेय, ती माझ्यामुळे मोडतेय, पाप माझं. फादर, तुम्हाला तिथे प्रार्थना म्हणायची मनाई आहे, म्हणू नका. पण तुमची बकरी त्या बागेत गेली, तर तिच्या मागे जायला कुठल्या बिशपने बंदी घातलेली नाही.

पत्र जाळण्याआधी शिसं मी कापून घेतलं होतं. ते खेचरवाल्याकडे देतोय, भाकरीत घालून. एका बाजूला पॉलची दाढी तेवढी शाबूत आहे. दुसऱ्या बाजूला त्या म्हाताऱ्याचं नाव उमटलंय, निम्मं काठाबाहेर गेलेलं. ठसा मोडला, दुसरी मोहर झाली नाही, त्यामुळे त्या नावाचं शिसं सबंध जगात एवढंच आहे. आईच्या पेटीत ठेव. त्यांच्या भट्टीवरचा चुना ती डोक्यावरून आणायची, तेव्हा वर दोघांची भेट झाली की ओळख निघेल.

आजच कर, बेनवेन्ता. रविवारची वाट बघू नकोस.

तुझा दादा